ताफ्याने उडावं, एकेकट्याने उतरावं

लहान विमानांनी आकाशात खुशाल ताफ्याने उडावं. उतरायची वेळ आली की मात्र ताफा मोडावा, प्रत्येकाने धावपट्टी एकट्यासाठी घ्यावी आणि पुढचा पट्टीवरून बाजूला झाल्याशिवाय मागच्याने चाक टेकवू नये. हवाई दलाच्या शिकाऊ अधिकाऱ्यापासून हौशी वैमानिकापर्यंत सगळ्यांना हा नियम लागू असावा आणि त्याला अपवाद फक्त संकटाचा असावा, असं माझं ठाम मत आहे.

किनवटला बसून हे लिहायचं कारण काय, असं कुणीही विचारेल. इथे विमानतळ नाही. पैनगंगा आहे, सागाचं जंगल आहे, आदिलाबाद-मुदखेड रेल्वे आहे. विमान धरायचं तर नांदेडला नाहीतर थेट हैदराबादला जावं लागतं. पण नकाशा पुढ्यात घेतला की दिसतं, लष्करी वैमानिक जिथे घडतात त्या मुलखाच्या आपण अगदी कडेला राहतो. हैदराबादजवळ दुंडीगलला हवाई दलाची अकादमी आहे. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की बिदर. तिथला हवाई तळ कित्येक दशकं वैमानिकांना शिकवतो आहे आणि १९९६ साली ‘सूर्यकिरण’ हे पथक तिथेच उभं राहिलं. बिदरकडे, भालकी-औरादच्या गावांत आजही घराघरांत मराठी बोलली जाते. २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी मूळचे आपल्याच हदगाव तालुक्यातल्या हस्तऱ्याचे. आणि आता आदिलाबाद. १९५६पर्यंत किनवट त्याच जिल्ह्यात होतं. तिथे निजामाच्या काळातली जुनी धावपट्टी आहे, जमीन हवाई दलाकडे आहे, आणि तिथून नागरी उड्डाणांनाही हवाई दलाची संमती मिळाल्याची बातमी २०२५ मध्ये आली. उद्या ती पट्टी खरोखर जागी झाली तर लहान विमानं उतरताना पाहणं इकडच्या गावांना रोजचं होईल. ती कशी उतरावीत याचा विचार आपण आजच करायला हवा, पट्टीचं डांबर पडल्यावर नाही.

ताफ्यात उडणं म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घेऊ. पुढे लीडर असतो, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, थोडे मागे, विंगमन. विंगमनला आपली जागा धरून ठेवायची असते आणि ती तो डोळ्यांनी धरतो. लीडरच्या विमानावरच्या दोन खुणा त्याला ठरवून दिलेल्या असतात. समजा, पंखाच्या टोकाचा दिवा आणि धडावरची एखादी रेघ. त्या दोन्ही एका ओळीत दिसत राहिल्या पाहिजेत. दिवा रेघेच्या पुढे सरकला तर आपण मागे पडलो, मागे सरकला तर आपण पुढे घुसलो. हाताखालचा थ्रॉटल सतत हलत असतो, बोटभर पुढे, बोटभर मागे. या सगळ्यात विंगमन क्षितिजाकडे पाहत नाही. वेगाच्या काट्याकडे, उंचीकडे तो क्वचितच नजर टाकतो. लीडर वळला की तो वळतो, लीडर खाली गेला की तोही खाली जातो. आपण कुठे चाललो आहोत हे लीडर बघेल, या विश्वासावर सगळं उभं असतं.

हा विश्वास किती पूर्ण असतो, हे १८ जानेवारी १९८२ या दिवशी अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात दिसलं. ‘थंडरबर्ड्स’ या नामांकित पथकाची चार टी-३८ विमानं सराव करत होती. वर्तुळाकार गिरकी घेऊन खाली येताना लीडरचं विमान वेळेवर वर उचललं गेलं नाही. उरलेली तिन्ही त्याच्या मागोमाग जमिनीवर आदळली. चारही वैमानिक गेले. त्या तिघांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी शेवटच्या क्षणापर्यंत केलं.

आता उतरण्याकडे या. विमान उतरवताना वैमानिकाची नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे हवी. पट्टी वर-खाली, डावी-उजवीकडे कशी सरकते आहे, यावरून त्याला कळतं की आपण फार उंच आहोत का, वारा आपल्याला बाजूला ढकलतो आहे का. वेग त्याने स्वतः मोजायचा असतो. आणि शेवटच्या काही फुटांत नाक हळूच उचलून विमान अलगद टेकवण्याची जी वेळ असते, ती ज्याची त्यालाच साधावी लागते. दोन विमानांची ती कधीही एकच नसते. म्हणजे ताफ्यात राहायचं तर डोळे शेजाऱ्यावर हवेत आणि उतरायचं तर पट्टीवर. डोळ्यांची जोडी एकच. शेजारी शेजारी उतरण्यातला धोका हाच आहे, आणि कितीही कौशल्य मिळवलं तरी तो नाहीसा होत नाही, फक्त आटोक्यात राहतो. राहतो तोवर राहतो.

२१ नोव्हेंबर २०१९ रोजी ओक्लाहोमातल्या व्हान्स तळावर तो आटोक्यात राहिला नाही. दोन टी-३८ विमानं जोडीने उतरत होती. विंगमनच्या विमानात एक शिकाऊ अधिकारी आणि त्याचा प्रशिक्षक होता. ते विमान टेकलं, पुन्हा हवेत उचललं गेलं आणि शेजारच्या विमानाच्या अंगावर कलंडलं. विंगमनच्या विमानातले दोघेही गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या हवाई दलाने नवशिक्या वैमानिकांच्या अभ्यासक्रमातून जोडीने उतरण्याचा धडा काढून टाकला. पिढ्यानपिढ्या चालत आलेली एक रीत, जिचा वैमानिकांना अभिमान होता, ती त्यांनी ‘हिची आता तेवढी गरज उरलेली नाही’ असं म्हणून बाजूला ठेवली. मला हा निर्णय मोठा वाटतो. अपघातानंतर ‘शिस्त आणखी कडक करा’ असं म्हणणं सोपं असतं. ती गोष्ट मुळात करायचीच कशाला, हे विचारायला धाडस लागतं.

या रीतीमागे कारण नव्हतं असं नाही. एखाद्या विमानाची उपकरणं बिघडली, रेडिओ बंद पडला आणि खाली ढगांचा थर असेल, तर दुसऱ्याने त्याला पंखाशी धरून ढगातून खाली आणायचं, पट्टीपर्यंत सोबत करायची. युद्धात जायबंदी झालेल्या कितीतरी वैमानिकांना सोबत्यांनी असं घरी आणलं आहे. ही सोबत मी नाकारत नाही. पण इथेही नीट पाहिलं तर सोबत पट्टी दिसेपर्यंतच लागते. पट्टी दिसली की सोबती वर निघून जाऊ शकतो आणि बिघाड झालेला एकटा उतरू शकतो. शिवाय आज विमानात दोन-दोन, तीन-तीन स्वतंत्र उपकरणं असतात, उपग्रहावरून जागा कळते. ज्या प्रसंगासाठी ही रीत होती तो दुर्मीळ झाला, आणि तिच्या सरावातच माणसं मरू लागली. मग हिशेब कोणत्या बाजूला झुकतो ते सांगायला नको.

इथवर बरेच जण माझ्याशी सहमत होतील. पुढचा भाग अवघड आहे, कारण ताफा मोडला म्हणजे सुरक्षित झालं, हेही खरं नाही.

ताफा मोडण्याची नेहमीची पद्धत अशी: सगळी विमानं पट्टीवरून, साधारण १,००० फुटांवरून सरळ जातात. पट्टीच्या डोक्यावर आली की लीडर एका बाजूला झपकन वळतो. ठरलेले सेकंद मोजून दुसरा, मग तिसरा. याला वैमानिक ‘ब्रेक’ म्हणतात. वळून सगळे पट्टीला समांतर उलट दिशेने जातात, चाकं-फ्लॅप काढतात, पुन्हा वळून एकामागे एक उतरतात. पाहायला देखणं असतं. आता गणित करा. समजा दोघांत ५ सेकंदांचं अंतर ठेवलं. वळताना वेग १२० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर. दोघांत ३१० मीटर मोकळे. पण उतरताना तेच लहान विमान ६० नॉटवर येतं. सेकंद तेच ५, अंतर उरलं १५५ मीटर. आणि पुढचा टेकल्यावर ब्रेक लावून आणखी मंद होतो, मागचा अजून हवेतच असतो. ओढ्याच्या उतारावर बैलगाड्यांची रांग निघाली की पहिली गाडी पाण्याजवळ मंदावते आणि मागच्या गाडीचे बैल तिच्या पाठीला येऊन भिडतात. विमानांचं अगदी हेच होतं. फरक एवढाच की बैल थांबतात, उडतं विमान थांबवता येत नाही.

२००७ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ऑशकॉशच्या हवाई मेळ्यात हेच घडलं. दुसऱ्या महायुद्धातली दोन पी-५१ मस्टँग विमानं प्रात्यक्षिक आटोपून एकामागे एक उतरत होती आणि पट्टीवर त्यांची टक्कर झाली. एक वैमानिक गेला. मस्टँगचं मागचं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे टेकताना नाक वर राहतं आणि लांबलचक इंजिनामागून समोरचं जवळजवळ काहीच दिसत नाही. पुढचा नेमका कुठे आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर ते आधीच ठरलेलं असायला हवं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रीनोच्या हवाई शर्यतींत दोन टी-६ विमानं, शर्यत संपल्यावर, उतरण्यासाठी वळताना हवेत एकमेकांवर आदळली. दोघेही वैमानिक आयुष्यभर उडालेले, मुरलेले. कसब कमी पडलं असं तिथे म्हणता येत नाही. धोक्याचा भाग संपला, आता फक्त उतरायचं आहे, असं जिथे वाटतं त्याच जागी ते गेले.

म्हणून नुसतं ‘ताफा मोडा’ म्हणून भागत नाही. मोडल्यावर किती अंतर, हे सेकंदांत न सांगता पट्टीवरच्या मोकळ्या लांबीत सांगायला हवं. अमेरिकेत नियंत्रण मनोरे एका इंजिनाच्या लहान विमानांमध्ये पट्टीवर किमान ३,००० फूट ठेवतात. ६० नॉटच्या वेगाला हे अंतर कापायला जवळजवळ अर्धं मिनिट लागतं. ५ सेकंद कुठे आणि ३० सेकंद कुठे! ताफ्याने येणारे वैमानिक यावर तोड काढतात ती अशी की पहिल्याने पट्टीच्या डाव्या अर्ध्या भागात उतरायचं, दुसऱ्याने उजव्या. म्हणजे मागच्याचे ब्रेक लागले नाहीत तरी तो बाजूने निघून जाईल. ही तोड मला अपुरी वाटते. टायर फुटलं, वाऱ्याचा झोत आला, की विमान आपल्या अर्ध्या भागात राहीलच याची खात्री कुणी द्यायची? संकटकाळची पळवाट म्हणून ती ठेवावी. पण रोजचा हिशेब तिच्या भरवशावर मांडू नये.

आणि मराठवाड्यात हा हिशेब आणखी बिघडतो, कारण आपलं ऊन. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते साडेपाच-पावणेसहा हजार फुटांवरचं ठिकाण होतं. वेगाचा काटा तेच ६० दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात ६५च्या आसपास वेगाने पट्टीवर येतं. थांबायला लागणारी लांबी त्याहून जास्त प्रमाणात, जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढते. इंजिनाचा जोर मात्र घटलेला असतो. थंड हवेच्या देशात बसवलेली अंतरं इथे जशीच्या तशी वापरली तर ती कागदावर बरोबर आणि पट्टीवर तोकडी ठरतील. तापलेली दुपार लहान विमानांच्या सरावाला वर्ज्यच असावी. ताफ्याच्या सरावाला तर नक्कीच.

निलंग्याची घटना इथे कुणाला आठवत नसेल असं नाही. २५ मे २०१७. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडालं, लगेच खाली आलं, विजेच्या तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले, हे नशीब. ते उड्डाण होतं, उतरणं नव्हतं, आणि ताफाही नव्हता. पण मे महिना, तात्पुरती जागा, जवळ तारा आणि भोवती माणसं, हे आपल्याकडचं चित्र त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. निवडणुकीच्या दिवसांत एकाच मैदानात पाठोपाठ हेलिकॉप्टरं उतरतात तेव्हा पहिल्याने उडवलेला धुरळा बसायच्या आत दुसरं खाली येऊ पाहतं. तिथेही माझं म्हणणं तेच: एकाचा पंखा थांबू द्या, धूळ खाली बसू द्या, मग दुसऱ्याला बोलवा. सभेला दहा मिनिटं उशीर झाला तर लोक थांबतात.

आता थोडं अधिकाराविषयी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ताफा हा नियंत्रकाच्या दृष्टीने एकच विमान असतो. नागरी विमान असेल तर प्रत्येकाने लीडरपासून आडवं किंवा पुढे-मागे १ किलोमीटर आणि उभं १०० फूट या मर्यादेत राहायचं. आतलं अंतर सांभाळण्याची जबाबदारी लीडरची आणि प्रत्येक वैमानिकाची. ताफा जुळताना आणि मोडतानासुद्धा. म्हणजे मनोऱ्यातला माणूस आतल्या टकरीपासून तुम्हाला वाचवणार नाही, हे नियमच सांगतो. मग वाचवणार कोण? ज्याच्या हातात दांडा आहे तो. त्याला एक हक्क कुणालाही न विचारता असायला हवा: अंतर कमी वाटलं की उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचा, ज्याला गो-अराउंड म्हणतात.

कागदावर हा हक्क सगळीकडे आहे. मनात तो असतो का, हा प्रश्न आहे. ताफा ज्येष्ठतेवर चालतो. लीडर वयाने, हुद्द्याने मोठा असतो. चौघे एका झोकात उतरले आणि तिसरा एकटाच इंजिन घुमवत वर निघून गेला, तर खाली सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. आपल्याकडे तर मोठ्यांच्या मागून जाताना थांबणं हाच आगाऊपणा समजला जातो. वीस-बावीस वर्षांचा मुलगा त्या क्षणी काय ठरवेल? अंतर जरा कमी आहे, पण जमेल, असं ठरवेल. म्हणून मला वाटतं, उड्डाणाआधीच्या बैठकीत लीडरने प्रत्येक वेळी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की आज जो वर जाईल त्याला मी खाली आल्यावर एक शब्दही विचारणार नाही. आणि खरंच विचारू नये. सरावात अधूनमधून लीडरने स्वतः कारण नसताना वर जाऊन दाखवावं. धाकट्यांना भाषणापेक्षा हे लवकर समजतं.

प्रेक्षकांचाही यात वाटा आहे, आणि ते प्रेक्षक आपण आहोत. २०२४ च्या जानेवारीत मरीन ड्राइव्हवर सूर्यकिरणची विमानं पाहायला मुंबईने गर्दी केली. मलाही ती विमानं आवडतात, त्यांचा अभिमान वाटतो. पण त्या पथकाची किंमत बिदरला ठाऊक आहे: मार्च २००६ मध्ये बिदरजवळ दोन वैमानिक गेले, जानेवारी २००९ मध्ये आणखी एक, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये बेंगळुरूच्या येलहंकाला सरावात दोन हॉक विमानांची टक्कर होऊन विंग कमांडर साहिल गांधी. गोव्याच्या दाबोळीतल्या नौदल तळाचं ‘सागर पवन’ पथक ३ मार्च २०१० रोजी हैदराबादला प्रात्यक्षिक करत होतं. एक विमान वस्तीत कोसळलं, दोन अधिकारी गेले. त्याआधी १ ऑक्टोबर २००२ रोजी खुद्द दाबोळीवर, एका तुकडीच्या रौप्यमहोत्सवात, नौदलाची दोन आयएल-३८ विमानं एकमेकांना भिडली. आतले बाराही जण गेले आणि खाली जमिनीवरची माणसंही. यातला एकही अपघात पट्टीवर उतरताना झालेला नाही, आणि मी तसं भासवत नाही. मोकळ्या आकाशात, देशातल्या निवडक वैमानिकांच्या हातून, चारी बाजूंना जागा असताना जे घडू शकतं, ते आपल्याला यातून दिसतं. त्याच ताफ्याला खाली जमीन, पुढे पट्टीचं टोक आणि शेजारी ४५ मीटरांची रुंदी एवढीच जागा दिली तर काय, एवढंच मी विचारतो. आकाशातल्या कसरतीला टाळ्या वाजवाव्यात; जोडीने टेकणाऱ्या चाकांना टाळ्या मिळायला लागल्या की ते करून दाखवण्याचा मोह वैमानिकांना होणारच.

आपल्याकडे हौशी वैमानिक ताफ्याने उडत नाहीत, मग ही चिंता फक्त लष्कराची, असं म्हणणं फार दिवस टिकणार नाही. गोंदियाच्या बिरसीत, धुळ्यात वैमानिक प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. शिकाऊ मुलगा व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडतो आणि त्यात त्याला ताफ्याने उडणं शिकवलं जात नाही. तरीही एकाच पट्टीवर एका सकाळी पाच-सहा लहान विमानं फेऱ्या मारू लागली की न ठरवलेला ताफा तयार होतोच. मनोरा नसलेल्या पट्टीवर तर रेडिओवरचा एकमेकांचा आवाज हाच आधार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलच्या अशाच मनोरा नसलेल्या विमानतळावर फेऱ्या मारणाऱ्या सेसना १५२ ला सरळ, वेगात येणाऱ्या सेसना ३४० ने गाठलं, तिघे गेले. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. ऑशकॉशला १९९० पासून बोनान्झा विमानांचा मोठा ताफा दरवर्षी येतो, तिथे यायचं तर आधी सराव शिबिरात जाऊन तपासून घ्यावं लागतं. तसं काहीतरी आपल्या संस्थांमध्ये पहिल्या दिवसापासून हवं: जवळ उडायला शिकवू नका, पण दुसऱ्याच्या मागे सुरक्षित उतरायला शिकवा.

राहता राहिला पट्टीचा प्रश्न, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही. नवा विमानतळ म्हटलं की चर्चा धावपट्टीच्या लांबीची: कोणतं मोठं विमान उतरेल, मुंबईला थेट जाता येईल का. लहान विमानतळांवर बहुतेक ठिकाणी समांतर टॅक्सीवे नसतो. उतरलेलं विमान टोकाला जाऊन वळतं आणि त्याच पट्टीवरून परत येतं. तेवढा वेळ, दोन-तीन मिनिटं, पट्टी अडलेली. मागच्यांना वर घिरट्या घालाव्या लागतात, पेट्रोल जळतं, आणि मग ‘तो वळायच्या आत मी उतरतो’ हा मोह होतो. समांतर रस्ता नसेल तर निदान पट्टीच्या मध्यावर एक बाहेर पडण्याची वाट हवी. तिला जमीन लागते, जमीन कुणाची तरी शेती असते, हे किनवट-आदिलाबादकडच्या माणसाला सांगायला नको. पण जमीन घ्यायचीच असेल तर एकदाच, योग्य मोबदला देऊन, या वाटेसकट घ्यावी. आदिलाबादचा आराखडा जेव्हा लोकांपुढे येईल तेव्हा नोकऱ्यांचा आणि तिकिटाचा प्रश्न सगळे विचारतील. सीमेच्या अलीकडून जाणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: उतरलेलं विमान पट्टीवरून किती सेकंदांत बाहेर पडेल, शिकाऊ विमानांच्या फेऱ्या कोणत्या गावांवरून जातील, आणि उन्हाळ्यात सराव सकाळी किती वाजता थांबेल.